श्रीनाथमहाराज आणि माउलींच्या ग्रंथाची शुद्धी

वारकरी मायबापहो, भाद्रपद वद्य षष्ठी ही तिथी आपण ज्ञानेश्वरी-जयंती म्हणून पाळतो. आळंदीला, नेवाशाला, गावोगावच्या विठ्ठलमंदिरांत त्या दिवशी पारायणे होतात, ग्रंथाची पूजा होते, पोथी डोक्यावर घेऊन दिंडी निघते. पण या तिथीचे मर्म पुष्कळ भाविकांना ठाऊक नसते. श्रीज्ञानेश्वरमहाराजांनी नेवासे क्षेत्री गीतेवरची टीका पुरी केली ती शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये. ग्रंथाच्या अखेरीस शक सांगितला आहे. मास, पक्ष, तिथी सांगितलेली नाही. मग ही भाद्रपद वद्य षष्ठी आली कोठून? ती आली पैठणाहून. शके १५०६, इ. स. १५८४, या वर्षी कपिलाषष्ठीच्या पर्वकाळी गोदातीरी श्रीएकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत लिहून पुरी केली. ग्रंथ माउलींचा आणि जयंतीचा दिवस नाथांच्या कामाचा. मधे २९४ वर्षांचे अंतर. पण संप्रदायाने दोघांना एका तिथीवर आणून बसवले.

नाथांचे चरित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काही ठरलेल्या कथा उभ्या राहतात. रामेश्वराची कावड तहानेल्या गाढवाच्या मुखी घातली, देवाने श्रीखंड्या होऊन पाणी भरले, श्राद्धाचे अन्न भुकेल्यांना वाढले. आम्ही कीर्तनकारही याच कथा लावतो, आणि का लावू नयेत? ऐकणाऱ्याचे डोळे ओले होतात, अंतःकरण निवळते. मात्र या कथांच्या गर्दीत नाथांचे एक काम मागे राहते. त्यात चमत्कार नाही, गर्दी नाही. एक माणूस, एक दिवा आणि जुन्या पोथ्यांचा ढीग, एवढेच आहे. पण ते झाले नसते तर आपल्या हातात आज कोणती ज्ञानेश्वरी असती, कोण सांगेल? म्हणून या लेखात नाथांचे सगळे चरित्र त्या कामाच्या अंगाने सांगावे असे योजले आहे.

कुळ आणि गाव

पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान. गोदावरीच्या काठचे, शास्त्र्यांचे, वैदिकांचे गाव. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार भावंडे संन्याशाची मुले म्हणून वाळीत पडली, तेव्हा शुद्धिपत्र मागायला याच गावच्या ब्रह्मसभेपुढे उभी राहिली होती, असे संप्रदाय सांगतो. बघा योग कसा असतो! ज्या गावाला त्या लेकरांच्या शुद्धीची शंका आली, त्याच गावच्या एका ब्राह्मणाने पुढे त्यांच्या ग्रंथाची शुद्धी केली. जणू गावावरचे ऋण फेडले.

नाथांचे पणजोबा भानुदास. विजयनगरास नेलेली विठ्ठलमूर्ती पंढरीस परत आणण्याचे श्रेय संप्रदाय ज्यांना देतो, तेच हे भानुदास. म्हणजे दूर गेलेला ठेवा स्वस्थानी आणायचा, हे या घराण्याच्या रक्तातच होते म्हणा. भानुदासांचे चिरंजीव चक्रपाणी, त्यांचे सूर्यनारायण, आणि सूर्यनारायण व रुक्मिणी यांच्या पोटी एकनाथ. जन्मवर्ष सर्वसाधारणपणे इ. स. १५३३ मानतात. आईवडील लवकर गेले. आजा-आजीने सांभाळ केला. मुंज झाली, संध्या, पुरुषसूक्त, पुराणे यांचे अध्ययन सुरू झाले. मूल बुद्धीचे तल्लख. पण पोरकेपण माणसाला लहानपणीच प्रश्न विचारायला लावते. सद्गुरू कोठे भेटेल, हा एकच ध्यास लागला. बाराव्या वर्षी आजा-आजीला न सांगता पोर घरातून निघाले आणि देवगिरीची वाट चालू लागले.

एका पैचा हिशेब

देवगिरीचा किल्ला त्या काळी अहमदनगरच्या निजामशाहीकडे होता. जनार्दनस्वामी तेथे मोठ्या अधिकारावर होते. मूळचे चाळीसगावचे, दत्तात्रेयांचे उपासक. गडाचा कारभार करावा आणि अंतरी समाधी ढळू देऊ नये, असा त्यांचा अधिकार. संसार आणि परमार्थ एका घरात कसे नांदतात, हे नाथांनी पुस्तकात वाचले नाही. गुरूच्या घरात पाहिले. स्वामींच्या नित्यपाठात ज्ञानेश्वरी आणि अमृतानुभव होते, असे सांप्रदायिक सांगतात. शिष्याच्या कानावर माउलींची ओवी पडली ती अशी, गुरुमुखातून.

तेथली एक कथा सर्वश्रुत आहे, पण ती मी येथे मुद्दाम सांगणार आहे. स्वामींनी नाथांवर हिशेबाचे काम सोपवले. एके दिवशी ताळेबंदात एका पैचा फरक येऊ लागला. फक्त एक पै! दुसरा कोणी असता तर पदरची पै घालून वही मिटवून झोपला असता. नाथ दिवा लावून बसले. वही पुन्हा पहिल्यापासून ताडून पाहू लागले. रात्र सरत आली, तेलाची वात दोनदा सारली, आणि पहाटेच्या सुमारास चूक सापडली. आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. त्या आवाजाने स्वामी जागे झाले. पोराच्या तोंडावरचा आनंद पाहून त्यांनी ओळखले, की एका पैच्या चुकीसाठी जो रात्र जागवतो, त्याला जर जन्माची चूक शोधायला लावली तर तो ती शोधल्याशिवाय राहणार नाही. अनुग्रहाचा अधिकार त्या पैने सिद्ध झाला.

आता ही कथा आपण सांगतो ती बहुधा चित्ताच्या एकाग्रतेचा दृष्टांत म्हणून. ते बरोबरच आहे. पण तिच्यात आणखी एक बीज आहे. दुसऱ्याच्या वहीत स्वतःची पै घालून हिशेब जुळवायचा नाही. मूळ चूक जेथे आहे तेथेच ती शोधायची. देवगिरीच्या गडावर नाथ हे शिकले, आणि पन्नाशी उलटल्यावर माउलींचा ग्रंथ पुढे आला तेव्हा तेच शिक्षण कामी आले. एवढे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचे सगळे चरित्र उलगडते.

गुरूची आज्ञा आणि पैठणचा संसार

देवगिरीजवळच्या शूलिभंजन पर्वतावर नाथांनी अनुष्ठान केले. पुढे गुरूंच्या बरोबर तीर्थयात्रा झाली. त्या यात्रेत स्वामींनी आज्ञा केली, की श्रीमद्भागवताच्या दुसऱ्या स्कंधातल्या चार श्लोकांवर मराठीत टीका कर. तो नाथांचा पहिला ग्रंथ, चतुःश्लोकी भागवत. चार श्लोकांवर हजारभर ओव्या झाल्या. गुरूने शिष्याच्या हाती लेखणी दिली ती संस्कृत ग्रंथाचे मराठी करण्यासाठी, हे विसरू नये.

यात्रा संपवून नाथ पैठणास आले. वृद्ध आजा-आजींनी नातवाची वाट पाहून डोळ्यांचे पाणी आटवले होते. गुरूंची लेखी आज्ञा होती, की पैठणातच राहावे, गृहस्थाश्रम करावा. नाथांनी ती शिरसावंद्य मानली. गिरिजाबाईंशी विवाह झाला. ही माउलीही त्यांना शोभणारी. दारात अतिथी मध्यरात्री आला तरी चूल पेटायची. सकाळी स्नान-संध्या, मग ग्रंथलेखन, दुपारी भागवताचे निरूपण, रात्री कीर्तन, असा दिनक्रम चालला. पैठणच्या वाळवंटात भर दुपारी त्या काळी अस्पृश्य मानलेल्या घरचे एक लेकरू चुकून मागे राहिले, पाय भाजून रडू लागले. नाथांनी ते कडेवर घेतले आणि त्याच्या घरी नेऊन पोचवले. गावात गिल्ला झाला. नाथांनी वाद घातला नाही आणि पुन्हा तसा प्रसंग आला असता तर पुन्हा उचलले नसते असेही नाही. शांती शांती म्हणतो आपण, ती अशी असते. अंगावर थुंकणाऱ्यावर रागवायचे नाही, आणि करायचे ते सोडायचेही नाही.

लोकांना परमार्थ कळावा म्हणून त्यांनी लोकांचीच सोंगे उचलली. वासुदेव, जोशी, गोंधळी, जोगवा मागणारी, विंचू चावलेला, भूत लागलेले, अशी शेकडो भारुडे केली. जो माणूस उपनिषदांवर बोलू शकतो, तो गोंधळ्याच्या संबळावर वेदांत सांगतो! आमच्या खेड्यांतली म्हातारी माणसे अक्षर न वाचता अद्वैत बोलतात, ते या भारुडांच्या पुण्याईने.

काशीची परीक्षा

शके १४९२ च्या सुमारास नाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहायला घेतली. पहिले पाच अध्याय पैठणास झाले. ते काशीस पोचले आणि तेथील पंडितांत खळबळ उडाली. व्यासांचे भागवत प्राकृतात? संस्कृत न जाणणाऱ्यांच्या हाती एकादश स्कंध? नाथांना बोलावणे गेले. नाथ काशीस गेले, राहिले, आणि उरलेला ग्रंथ तेथेच मणिकर्णिकेच्या तीरी लिहिला. काशीच्याच वास्तव्यात शके १४९३ च्या रामनवमीस रुक्मिणीस्वयंवर हा अठरा प्रसंगांचा ग्रंथ झाला; उपवर मुलींसाठी त्याची पारायणे अजून घरोघर होतात. आणि शके १४९५, इ. स. १५७३, कार्तिक पौर्णिमेस नाथभागवत पूर्ण झाले. ३१ अध्याय, अठरा हजारांहून अधिक ओव्या. परंपरा सांगते, की पंडितांनी पोथी गंगेत टाकायला लावली, तेव्हा गंगामाईने ती वरच्या वर झेलली आणि मग त्याच पंडितांनी पोथीची हत्तीवरून मिरवणूक काढली.

येथे मला थोडे बोलू द्या. माझे शिक्षण जुन्या पाठशाळेतले. रूपावली, अमरकोश, रघुवंश, कौमुदी या वाटेने आम्ही गेलो. पाठशाळेत एक गोष्ट न शिकवताही अंगात मुरायची, ती ही, की खरी विद्या ती संस्कृतात. मराठी आपली घरच्या बायामाणसांपुरती. पुढे कीर्तनाला उभा राहिलो तेव्हा समोर बसलेला शेतकरी पाहिला, ओवी ऐकून त्याच्या तोंडावर जे उमटायचे ते पाहिले, आणि नाथांनी काशीत काय केले याचा अर्थ लागला. नाथांना संस्कृत येत नव्हते म्हणून त्यांनी मराठी धरली असे कोणी म्हणू शकत नाही. श्रीधरांची भावार्थदीपिका टीका त्यांनी मुरवली होती. संस्कृताचा आदर तिळभर कमी न करता त्यांनी एवढेच दाखवून दिले, की ज्या कथेत हरी आहे ती कथा कोणत्या भाषेत सांगितली यावरून तिचे मोल कमी होत नाही. हे काशीत बसून लिहायला धैर्य लागते.

हाच झगडा पुढे त्यांच्या घरातही आला, आणि तो काशीपेक्षा अवघड होता. चिरंजीव हरिपंडित संस्कृताचे गाढे विद्वान झाले. वडील प्राकृतात पुराण सांगतात, परान्न घेतात, हे त्यांना रुचेना. ते रागावून काशीस निघून गेले. नाथ स्वतः समजूत घालायला गेले. मुलाने दोन अटी घातल्या: प्राकृतात सांगायचे नाही आणि दुसऱ्याच्या घरी जेवायचे नाही. नाथांनी मान्य केल्या. पैठणात हरिपंडितांचे संस्कृत निरूपण सुरू झाले. शास्त्र उत्तम, पण श्रोते दिवसेंदिवस ओसरले. वडिलांचा शब्द बंद होता तो मुलाच्या शब्दासाठी. मग एका वृद्ध बाईने सहस्रभोजनाचा संकल्प सांगितला, जवळ पैसा नव्हता, म्हणून नाथांना एकट्यालाच जेवायला बोलावले. नाथ गेले, हरिपंडितही बरोबर होते. जेवण झाल्यावर हरिपंडित उष्टी पत्रावळ उचलू लागले, तो तिच्याखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी, अशा सहस्र पत्रावळी निघाल्या. मुलाचा अभिमान गळाला आणि पैठणात पुन्हा प्राकृत निरूपण सुरू झाले. महिपतींनी ही कथा रसाळ वर्णिली आहे. मला तीत पत्रावळींहून मोठे वाटते ते त्या बापाचे मौन. ज्याने काशीच्या पंडितांपुढे हार घेतली नाही, त्याने पोटच्या मुलापुढे काही काळ हार घेतली आणि वाट पाहिली.

अजानवृक्षाची मुळी

आता मुख्य विषयाकडे येऊ. नाथ पन्नाशीच्या घरात होते. जनार्दनस्वामींना देह ठेवून काही वर्षे झाली होती. अशा वेळी नाथांचा घसा धरला, औषधाने उतार पडेना. स्वप्नात माउली आल्या. अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, ती येऊन काढ, अशी आज्ञा झाली, असे संप्रदाय सांगतो. नाथ आळंदीस गेले. समाधिस्थान त्या काळी रानाने झाकून गेले होते. नाथांनी जागा शोधली, आत गेले, माउलींचे दर्शन झाले, मुळी काढली, आणि घसा मोकळा झाला. तो अजानवृक्ष आजही समाधीजवळ आहे. त्याच्या छायेत बसून भाविक पारायण करतात.

आता भाविकांनी या कथेचे मनन करावे. मुळी लागली होती ती कोणाच्या कंठाला? ज्यांनी गीता मराठीत बोलून दाखवली त्यांच्या. कंठाला मुळी लागली म्हणजे शब्द अडला, वाणी आवळली गेली. समाधीवर जसे रान माजले होते तसेच ग्रंथावरही माजले होते. आळंदीहून परतल्यावर नाथांनी ज्ञानेश्वरी हाती घेतली, ती याच मुळ्या काढण्यासाठी.

ग्रंथाला असे काय झाले होते? ऐका. माउलींनी सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले, त्यानंतरचा तीन शतकांचा काळ मोठा धामधुमीचा. देवगिरीचे यादवराज्य बुडाले, दिल्लीची स्वारी झाली, बहामनी आली, तिची शकले झाली. अशा काळात पोथ्या राहिल्या त्या मठांत, घरांत, फडक्यात बांधलेल्या. एकाने दुसऱ्याची पोथी पाहून लिहायची, तिसऱ्याने त्याची. जुन्या पोथीत शब्द तोडून लिहीत नसत, सगळी ओळ सलग. लिहिणाऱ्याला जुना शब्द कळला नाही की तो आपल्या ओळखीचा शब्द घालतो. कोणी पाठ म्हणतो, त्याला मधली ओवी आठवत नाही, तो जुळवून नवी म्हणतो. ऐकणारा तीच लिहून घेतो. आणि कोणी भाविकच, पण अर्थ अधिक स्पष्ट व्हावा म्हणून पदरची एक ओवी घालतो. हेतू चांगला असतो हो! पण असे पन्नास हात लागले की ग्रंथ कोणाचा राहिला?

श्लोकाचे तसे नाही. श्लोकाला छंदाचा पहारा असतो. अक्षर वाढले की चाल अडखळते आणि चूक सापडते. ओवी सैल, मोकळी, घरच्या बोलण्यासारखी. हाच तिचा गोडवा आणि हेच तिचे संकट. दारावर कडी नाही, कोणीही आत यावे. आमच्या वेदांचे रक्षण बघा कसे झाले. संहिता, मग पदपाठ, मग क्रम, जटा, घन. तेच शब्द सुलट, उलट, पुन्हा सुलट असे गुंफून म्हणायचे. एक मात्रा सरकली, एक उदात्त चुकला, तर गुरुजी तेथेच थांबवणार. हजारो वर्षे कागदाविना ठेवा टिकला तो या पहाऱ्यामुळे. मराठी ग्रंथाला असा पहारा कोणी दिला नव्हता. प्राकृतच तर आहे, असे म्हणून सोडून दिले होते. नाथांनी काय केले? वेदाला जी काळजी द्यायची ती त्यांनी मराठी ओवीला दिली. काशीत त्यांनी सिद्ध केले की मराठीत देव राहतो. पैठणात त्यांनी त्याचा पुढचा अर्थ पाळला: जेथे देव राहतो तेथले अक्षर हलवायचे नाही.

म्हणून ते प्रती ताडून पाहू लागले. कोणता पाठ अर्थाला धरून आहे, कोणता मागच्या-पुढच्या ओव्यांशी जुळतो, कोणता उपरा आहे, हे पारखू लागले. नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ. देवगिरीवरचा तोच दिवा आणि तीच वही, फक्त वही आता माउलींची होती. त्यातही ठिकठिकाणी पैचा फरक येत होता, आणि पदरची पै घालून हिशेब मिटवायचा नव्हता.

भाविकहो, येथे थांबून विचार करावा. ज्याने नाथभागवताच्या अठरा हजारांवर ओव्या लिहिल्या, त्याला ज्ञानेश्वरीत एखादी ओवी बेमालूम बसवणे अवघड होते का? डोळे मिटून बसवली असती. गुरुपरंपरेचा अधिकार होता, माउलींचा दृष्टान्त होता, हात धरणारा कोणी नव्हता. तरी त्यांनी मूळ ग्रंथात आपले काही मिसळले नाही. ग्रंथ संपल्यावर, अगदी शेवटी, वेगळ्या अशा मोजक्या ओव्या लिहिल्या. त्यात शक, तिथी, स्थळ सांगितले. ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठांतराच्या ओघात तो बिघडला, असे सांगून दोष माउलींकडे जाऊ दिला नाही. आपल्या कामाला लिहिण्याच्या श्रमापलीकडे मोठे नाव दिले नाही. आणि पुढच्यांना बजावले की यात कोणी आपली ओवी घालू नये. ते बजावणे कठोर शब्दांत आहे. सगळा जन्म शांतीत गेलेल्या माणसाने कठोर शब्द वापरला तो या एका जागी.

जुनी प्रत आणि नाथांची प्रत

पुढे छापखाने आले. बाळशास्त्री जांभेकरांच्या हातून १८४५ साली ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून निघाली. मग १९०९ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी एक निराळी प्रत छापली. त्यांच्या मते ती नाथांच्या आधीची. तिच्यातली भाषा जुन्या वळणाची. त्यावरून विद्वानांत बराच वाद झाला. नाथांनी माउलींची जुनी भाषा नवी केली काय, असा प्रश्न निघाला. हा प्रश्न ऐकून वारकऱ्याने रागावू नये. जुन्यातला जुना पाठ शोधावा ही ओढ राजवाड्यांनाही होती, आणि तीच ओढ नाथांना होती. फरक साधनांचा आणि हेतूचा. अभ्यासकाला शब्दाचे जुने रूप हवे असते. नाथांना ग्रंथ पारायणाला बसणाऱ्याच्या मुखात सुखरूप हवा होता. मूळ पाठ शोधायचा, मनाचा घालायचा नाही, हा धर्म मराठीला ज्याने शिकवला त्याच्याच वाटेने पुढचे अभ्यासक चालले, असे मी मानतो.

शेवटचा ग्रंथ

आयुष्याच्या उत्तरकाळी नाथांनी भावार्थरामायण हाती घेतले. परचक्राने गांजलेल्या लोकांपुढे बंदिवान देव सोडवणारा राम उभा केला. युद्धकांडाचे ४४ अध्याय झाले आणि निर्याणाचा काळ जवळ आला. उरलेला ग्रंथ गावबाने पुरा केला. हा गावबा म्हणजे पुरणपोळीच्या लोभाने नाथांच्या घरी राहिलेला, वेडगळ वाटणारा मुलगा. विद्वान हरिपंडित घरात असता ग्रंथ सोपवला तो गावबावर.

आता हे आणि ज्ञानेश्वरीचे काम शेजारी ठेवून पाहा. स्वतःच्या ग्रंथात नाथांनी एका भोळ्या पोराचा हात चालवून घेतला. माउलींच्या ग्रंथात स्वतःचाही हात चालू दिला नाही. आपले ते सगळे द्यायचे, आणि सोपवलेले ते जसेच्या तसे पुढे न्यायचे. नाथांच्या उदारपणाची आणि नाथांच्या निष्ठेची ही दोन टोके आहेत.

इ. स. १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीस नाथ कीर्तन करीत गोदावरीत उतरले आणि देह ठेवला. गुरूंच्या जन्माची, अनुग्रहाची आणि निर्याणाची तिथी संप्रदाय हीच मानतो. पैठणास तेव्हापासून नाथषष्ठीला दिंड्या लोटतात. गावातल्या वाड्यात श्रीखंड्याचा रांजण भरला जातो, आणि अष्टमीला काल्याची दहीहंडी फुटते. मुलीचे चिरंजीव मुक्तेश्वर यांनी महाभारताची पर्वे मराठीत आणली. नाथांच्या निर्याणानंतर नऊ वर्षांनी देहूस तुकोबारायांचा अवतार झाला. त्यांनी डोंगरावर एकान्तात ज्ञानेश्वरी आणि नाथभागवत यांचा अभ्यास केला असे परंपरा सांगते. ज्ञानेश्वरी, नाथभागवत आणि गाथा ही आपली प्रस्थानत्रयी. तीतला एक ग्रंथ नाथांनी लिहिला, एक राखला, आणि तिसऱ्याच्या कर्त्याला पाठ दिला.

आता आपल्याविषयी दोन शब्द. आज पोथी दुर्मिळ नाही; घरोघर आहे, आणि मोबाइलच्या पडद्यावरही आहे. रोज सकाळी कोणी ना कोणी एक ओवी धाडतो. तीत अक्षर गळलेले असते, कधी शब्द बदललेला, आणि कधी ओवी माउलींची नसतेच. खाली नाव तेवढे माउलींचे. आपण हात जोडतो आणि पुढे दहा जणांना पाठवतो. कीर्तनातही टाळी मिळावी म्हणून चरण वळवून म्हणणारे निघाले आहेत. यांचाही हेतू वाईट नसेल. पण पोथ्या बिघडल्या त्या वेळीही हेतू चांगलाच होता, हे वर सांगितले.

तेव्हा वारकऱ्याने एवढा नेम करावा. ओवी म्हणण्यापूर्वी पोथी उघडून पाहावी. मुलांना पाठ देताना ऱ्हस्व-दीर्घासह द्यावा, आणि चुकले तर तेथेच थांबवावे, राग न करता. आठवत नसेल तर गप्प बसावे. जुळवून म्हणू नये. भाद्रपद वद्य षष्ठीला ग्रंथावर फूल वाहाल, तेव्हा माउलींच्या नावाबरोबर त्या दिव्याशी बसलेल्या नाथांचे नाव घ्या. आणि त्या दिवशी एक अध्याय तरी बोट अक्षरावर ठेवून, सावकाश वाचा. एका पैचाही फरक पडू देऊ नका.

रामकृष्णहरि.